बर्फाची वाट पाहतांना

पनवेलच्या माणसानें थंडीवर लिहावें, हें वाचकांस थोडें गमतीचेंच वाटेल. आमच्या नवीन पनवेलांत थंडी येते ती पाहुण्यासारखी. चार दिवस राहते, आणि पौषांत पहांटे पंखा बंद करून अंगावर गोधडी ओढली म्हणजे तिचा पाहुणचार संपतो. पूर्वेकडचा प्रबळगड धुक्यांत दिसेनासा झाला कीं वडील मंडळी "यंदा गारठा आहे हो" असें म्हणतात, आणि नऊ वाजतां ऊन तापलें कीं तें बोलणें विसरून जातात. आमचा खरा ऋतु एकच, पावसाळा. त्याच्या स्वागताची तयारी, त्याच्या उशिराची काळजी आणि त्याच्या अतिरेकाची भीति, यांवरच आमचें वर्ष उभें असतें. असें असतां २०२४ च्या जानेवारीच्या अखेरीस आमच्या घरचीं नऊ माणसें बर्फावर घसरावयास गुलमर्गला गेलीं, आणि जें पाहावयास गेलों त्याहून निराळेंच कांहीं पाहून परत आलों. तें येथें सांगावयाचें आहे.

आमचें कुटुंब आजच्या मानानें मोठेंच म्हणावयाचें. सिडकोनें आखून दिलेल्या या वसाहतींत एकाच मजल्यावर समोरासमोर आमचीं दोन बिऱ्हाडें आहेत. पण स्वयंपाक एकत्र आणि निर्णयहि एकत्र. आई, दादा व वहिनी, त्यांचीं दोन मुलें, आम्ही उभयतां आणि आमचीं दोन, अशीं नऊ पानें रोज मांडलीं जातात. सुटींत कोठें जावयाचें हा प्रश्न निघाला म्हणजे गणपतिपुळें, हरिहरेश्वर, फार तर महाबळेश्वर, या यादीपलीकडे आम्ही सहसा जात नाहीं. या वेळीं पुतण्यानें नवेंच काढलें. तो नोकरीनिमित्त एक हिवाळा युरोपांत काढून आला होता. तेथें आजीआजोबांपासून कडेवरच्या मुलांपर्यंत सबंध कुटुंबें बर्फावर जात असलेलीं त्यानें पाहिलीं होतीं. "आपणहि जाऊं," तो म्हणाला, "गुलमर्गला स्कीइंग शिकवितात."

दादांनीं प्रथम खर्चाचा हिशेब केला, वहिनींनीं गुडघ्यांचा. परंतु खरा प्रश्न होता तो आईचा. बहात्तराव्या वर्षीं तिला शून्याखालच्या थंडींत नेणें बरें नव्हे, आणि तिला मागें ठेवून आठ माणसांनीं मौज करावयास जाणें त्याहून बरें नव्हे. दोन दिवस घरांत कुजबूज चालली. शेवटीं तीच म्हणाली, "पाऊस मीं सत्तर वर्षें पाहिला. आतां एकदां बर्फ पडतांना पाहूं द्या. थंडीनें मेल्यें तर निदान ताजी राहीन." त्यावर कोणास कांहीं बोलतां येईना. डॉक्टरांनीं तिला तपासलें, फार उंचावर नेऊं नये एवढी अट घातली, आणि बेत ठरला.

पनवेल हें धूतपापेश्वराच्या आयुर्वेदीय औषधांचें गांव. १८७२ सालीं स्थापन झालेल्या त्या कारखान्याचा आमच्या आईस मोठा अभिमान. तेव्हां च्यवनप्राशाची बरणी सर्वांत आधीं भरली गेली. मग मेतकूट, डिंकाचे लाडू आणि आल्याच्या वड्या. लोकरीचे कपडे मात्र कोणाकडेच पुरते नव्हते. पनवेलच्या हवेंत ते कोण बाळगतो? शेजाऱ्यांचे, पुण्याच्या मावशीचे, असे गोळा करून आम्ही निघालों. त्या वेळीं आमच्या दाराशीं, उलव्याजवळ, नवा विमानतळ बांधला जात होता. पण उडावयाचें तें मुंबईहूनच होतें.

श्रीनगर जवळ आलें तेव्हां विमानाच्या खिडकींतून पीर पंजाळची रांग दिसली. शिखरें पांढरीं होतीं, परंतु खालचे उतार उघडे पडले होते. उतरून पाहतों तों रस्त्यांवर धूळ उडत होती. थंडी हाडांपर्यंत जाणारी, पण कोरडी. "येथें बर्फ कधीं पडला?" असें पुतण्यानें विचारतांच गाडीवाला थोडा वेळ कांहीं बोललाच नाहीं. मग एक हात वर करून म्हणाला, "ऊपरवाला जाने."

काश्मिरांत हिवाळ्याचें स्वतंत्र पंचांग आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा तो चिल्ला-इ-कलाँ, म्हणजे थोरला चिल्ला. त्याच्यामागून वीस दिवसांचा चिल्ला-इ-खुर्द, आणि शेवटीं दहा दिवसांचा चिल्ला-इ-बच्चा. आपल्याकडे मृग, आर्द्रा, पुनर्वसु हीं जशीं पावसाचीं नक्षत्रें, तसेच तिकडे हे हिमाचे चिल्ले. थोरल्या चिल्ल्यांत पडलेला बर्फ कडाक्याच्या थंडीनें घट्ट होऊन डोंगरांवर टिकतो, आणि पुढें उन्हाळ्यांत थोडथोडा वितळून झेलमेस व तिच्या उपनद्यांस पाणी पुरवितो. मागाहून पडलेला बर्फ दिसावयास तितकाच पांढरा, पण लवकर वाहून जाणारा. भाताचीं खाचरें, सफरचंदाच्या बागा, पिण्याचें पाणी, सर्वांची मदार त्या चाळीस दिवसांवर. हा बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राच्या बाजूनें येणारे वाऱ्यापावसाचे झोत. हवामानखात्याच्या भाषेंत त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्या वर्षीं ते आले ते दुबळेच आले. डिसेंबर बहुतेक कोरडा गेला, जानेवारीहि कोरडाच चालला. आणि आम्ही पोहोंचलों तेव्हां थोरला चिल्ला संपावयास पांचसहा दिवसच राहिले होते.

श्रीनगरपासून गुलमर्ग सुमारें ५० किलोमीटर. टंगमर्गच्या पुढें तेरा किलोमीटर दाट सूचिपर्णी रानांतून चढ आहे. एरव्हीं या दिवसांत चाकांना सांखळ्या बांधल्यावांचून गाडी वर जात नाहीं. आमच्या गाडीवाल्यानें सांखळ्या बाहेर काढल्याच नाहींत. गुल म्हणजे फूल आणि मर्ग म्हणजे कुरण. या कुरणाचें जुनें नांव गौरीमार्ग असें सांगतात. समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंचीवर डोंगरांनीं वेढलेलें हें विस्तीर्ण पठार आहे. हिवाळ्यांत तें पांढरें शुभ्र असावयाचें. आम्हांस दिसलें तें पिंवळट, करपलेल्या गवताचें माळरान. पनवेलास मे महिन्यांत दिसतें अगदीं तसें. अफरवट डोंगराच्या माथ्यावर तेवढा बर्फ होता. दुकानांबाहेर भाड्यानें देण्याचे स्की भिंतीला टेकून ओळीनें उभे होते. पाऊस लांबला म्हणजे छत्रीवाल्याच्या दुकानांत छत्र्या उभ्या असतात, त्यांची आठवण झाली.

मुलांचे चेहरे उतरले. दादांचा संताप त्यांच्या मोजक्या शब्दांत प्रकट झाला. "पैसे बर्फाचे भरले आहेत," ते पुतण्यास म्हणाले, "गवत पाहावयाचें तर कर्नाळ्याला रिक्षानें गेलों असतों." पुतण्या कांहीं बोलला नाहीं, पण त्या रात्रीं तो जेवलाहि नाहीं. दुसरा दिवसहि तसाच गेला. घोड्यावरून फेरी झाली, १९०२ सालचें सेंट मेरीचें दगडी देऊळ पाहून झालें, टेकडीवरच्या शंकराचें दर्शन झालें. परंतु कोणाचें कोणाशीं धड बोलणें नव्हतें. एकत्र कुटुंबांतील रुसवा हा नळाच्या गळतीसारखा असतो. एका खोलींत सुरू झाला कीं चारी भिंती ओलावतात.

आमच्या खोल्यांतली बुखारी, म्हणजे लांकडावर जळणारी लोखंडी शेगडी, पेटवावयास एक वृद्ध गृहस्थ येत. मुलें त्यांस चाचा म्हणूं लागलीं होतीं. अंगांत पायघोळ फेरण आणि फेरणाच्या आंत कांगडी. वेताच्या विणीच्या टोपलींत बसविलेलें निखाऱ्यांचें मातीचें भांडें, तीच कांगडी. ती पोटाशीं धरून ते दर तासाला ओसरीवर येत, अफरवटाकडे पाहत, आणि कांहीं न बोलतां आंत जात. आई बुखारीजवळ बसून हें सर्व पाहत होती. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ती एकाएकीं म्हणाली, "अरे, हे तर माझे अण्णा!"

आईचें माहेर पनवेल तालुक्यांतच, भातशेतीच्या एका गांवीं. तिच्या लहानपणीं एका वर्षीं मृग कोरडा गेला, आर्द्राहि कोरड्या चालल्या, आणि पेरणी करून उगवलेलीं भाताचीं रोपें पिंवळीं पडूं लागलीं. तिचे वडील त्या दिवसांत असेच घटकेघटकेस ओटीवर येत, माथेरानच्या डोंगराकडे पाहत, आणि न बोलतां आंत जात. "तेव्हां घरांत कोणी मोठ्यानें हंसत नसे," आई सांगूं लागली. "पानांत भात वाढतांना आईचा हात आंखडलेला कळे. आणि आपण काय, या माणसाच्या दारांत बसून भांडतों आहोंत, कीं आम्हांला खेळायला बर्फ नाहीं!"

खोलींत कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें दादा उठले आणि पुतण्यास म्हणाले, "चल, चहा घेऊन येऊं." आमच्या घरांत क्षमा याच शब्दांत मागतात.

दुसऱ्या दिवशीं चाचांकडून आईनें त्यांच्या घरची माहिती काढली. तिचें हिंदी पनवेलच्या बाजारापुरतें, त्यांचें हिंदी काश्मिरी वळणाचें. पण धान्य, सरपण आणि नातवंडें या विषयांस भाषा फारशी लागत नाहीं. उन्हाळ्यांतच तिकडे वांगीं, दुध्या, टोमॅटो चिरून उन्हांत वाळवितात आणि हिवाळ्यासाठीं माळा करून ठेवतात. बर्फानें वाटा बंद झाल्या म्हणजे त्याच भाज्यांवर घर चालतें. "ही तर आमची आगोट!" असें म्हणून आईनें आपली यादी सांगितली: पापड, सांडगे, आमसुलें, फणसपोळ्या. चाचांनीं ती मोठ्या गांभीर्यानें ऐकून घेतली. मात्र एवढी बेगमी करूनहि ज्या पाहुण्यासाठीं ती केली तोच येत नाहीं, ही व्यथा दोघांस सारखीच समजत होती. गुलमर्गांत तर शेतीच्या जोडीला दुसरेंहि पोट बर्फावर आहे. स्की शिकविणारे, ढकलगाड्या ओढणारे, बूट व कोट भाड्यानें देणारे, घोडेवाले, सर्वांचा हंगाम हाच. तो सबंध जानेवारी त्यांचा रिकामा गेला होता.

बर्फ आला तो रात्रीं. आमचा पाऊस सांगून येतो. ढग गडगडतात, वारा सुटतो, पत्र्यावर ताशा वाजतो. हिम पडतें तें चोराच्या पावलांनीं. पहांटे तीनच्या सुमारास आईनें हांक मारली. तिला जाग आली होती, ती बाहेरच्या शांततेनें. पडदा सारून पाहतों तों दिव्याच्या उजेडांत पिंजलेल्या कापसासारखे पुंजके उतरत होते, खालीं येण्याची कांहीं घाई नसल्यासारखे. सर्वांस उठविलें. शाली, कानटोप्या, एकमेकांचे कोट, जें हातीं लागलें तें घालून नऊच्या नऊ माणसें ओसरीवर उभीं राहिलीं. आईनें हात पुढें केला, तळव्यावर एक पुंजका घेतला, तो पाणी होईपर्यंत पाहिला, आणि तें पाणी डोळ्यांस लावलें. अंगणांत चाचा अगोदरच येऊन उभे होते. आमच्याकडे वळून ते म्हणाले, "शीन मुबारक." शीन म्हणजे बर्फ. दिवाळींत आपण एकमेकांस शुभेच्छा देतों तशी ती बर्फाची शुभेच्छा होती.

कल्हणानें राजतरंगिणीसाठीं जे जुने ग्रंथ वापरले त्यांत नीलमतपुराण आहे, आणि त्या पुराणांत काश्मिरी गृहस्थानें पाळावयाच्या उत्सवांत नव्या हिमाच्या उत्सवाचाहि समावेश आहे. हें आम्हीं पूर्वीं वाचलें होतें, आणि हिमाचा कसला उत्सव, असें वाटून सोडून दिलें होतें. त्या पहांटे अंगणांतल्या वृद्धाचा चेहरा पाहून त्याचा अर्थ उलगडला.

तिसऱ्या दिवशीं आकाश स्वच्छ झालें आणि आमचें शिक्षण सुरू झालें. स्की हा शब्द नॉर्वेकडचा. त्याचा मूळ अर्थ चिरलेल्या लांकडाची फळी. त्या देशांत हा खेळ नव्हता, तें वाहन होतें. शिकारीस जावयाचें, शेजारच्या वस्तीवर जावयाचें, तें पायांस फळ्या बांधून. १८८८ सालीं नान्सेन या नॉर्वेच्या संशोधकानें स्कीवरून ग्रीनलंड आरपार ओलांडलें आणि युरोपभर या फळ्यांचें वेड पसरलें. वळणावळणाच्या स्लॅलम शर्यतीस आजचें रूप १९२२ सालीं स्वित्झर्लंडांत आलें, तें देणारा आर्नल्ड लन जन्मला होता मद्रासेंत. गुलमर्गास ही विद्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं आणली आणि १९२७ सालीं तेथें स्की क्लब स्थापन केला. आतां ती विद्या तेथील लोकांची झाली आहे. भारत सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण शिकविणारी संस्था गुलमर्गास आहे. टंगमर्ग भागांतला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकांत भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलम शर्यतींत तो ४५ वा आला, ही गोष्ट आमचे शिक्षक पहिला आल्याच्या थाटांत सांगत. दोन उतार उतरून पाहिल्यावर आम्हांसहि तो थाट रास्त वाटूं लागला.

पहिला धडा पडण्याचा. "पडायचें तर कुशीवर पडा, मागें नको. हात पुढें टेकूं नका. उठतांना दोन्ही स्की उताराला आडवे घ्या." ही सूचना दादांनीं फार मनावर घेतली, पहिल्या तासांत ते अकरा वेळां पडले. चाळीस वर्षें ज्यांच्यापुढें आम्ही उभे राहून बोललों, ते आमचे ज्येष्ठ बंधु पालथे पडले आहेत आणि नऊ वर्षांची पुतणी, "दादा, गुडघे वांकवा ना!" म्हणून रागें भरते आहे, हा देखावा पनवेलांत कधीं दिसला नसता. दुसरा धडा थांबण्याचा. दोन्ही फळ्यांचीं पुढचीं टोकें जवळ आणावयाचीं, मागचीं दूर सारावयाचीं आणि आंतल्या कडा बर्फांत दाबावयाच्या. वेग मरतो आणि माणूस थांबतो. या युक्तीस इंग्रजींत हिमनांगर अशाच अर्थाचें नांव आहे. खालीं खुर्चीवर शाल पांघरून बसलेली आई ओरडून म्हणाली, "बाबांनो, तुम्हांला कोणालाच नांगर धरतां येत नाहीं!" शेवटच्या दिवशीं दादा एक सबंध उतार न पडतां आले आणि थेट पुतण्याच्या अंगावर जाऊन थांबले. तेव्हां दोघेहि पडले, आणि बराच वेळ कोणी उठण्याची घाई केली नाहीं.

आईचा प्रश्न निराळ्याच ठिकाणीं उभा राहिला. गुलमर्गांत चालूं न शकणाऱ्यांस लांकडी ढकलगाडीवर बसवून माणसें दोरीनें ओढतात. आई बसेना. माथेरान आमच्या घरचेंच. परंतु तेथील हातरिक्षांत ती जन्मांत बसली नाहीं, दस्तुरीच्या नाक्यापासून बाजारापर्यंत चालतच गेली. "माणसानें माणसाला ओढायचें, हें माझ्या डोळ्यांना सोसत नाहीं," असें ती म्हणाली. समोर उभा असलेला तरुण हात जोडून म्हणाला, "माँजी, पूरा जनवरी यह लकड़ी घर में पड़ी रही." आई त्याच्याकडे बघत राहिली. बसावें तर तिचें मन खाणार, न बसावें तर त्याचें घर उपाशी. शेवटीं तिनें तोड काढली. सपाटीवर व उतारावर ती बसली. चढ आला कीं उतरून त्याचा हात धरून चाले. बाकीचे गाडीवाले हंसले, आणि तो तरुण संकोचला. दादांनीं ठरल्याहून अधिक पैसे देऊं केले, तेव्हां त्यानें ठरले तेवढेच घेतले.

हा प्रश्न सुटला, असें आम्ही म्हणत नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून रिक्षाचालकांस ई-रिक्षा द्याव्या, असा आदेश दिला. तो वाचून आईस समाधान वाटलें, पण लगेच ती म्हणाली, "आणि बर्फावर काय देणार त्या पोराला?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

मुलांस घेऊन जाऊं इच्छिणाऱ्यांस चार गोष्टी अनुभवानें सांगतों. एक जाड कोट घालण्यापेक्षां तीनचार पातळ थर घालावे. अंगाजवळचा थर सुती नसावा, कारण सुती कापड घामानें भिजलें कीं थंडी तेथूनच शिरते. मोज्यांचे दोन जोड जवळ असावे. बर्फावरून उलटून येणारें ऊन डोळे व कातडी दोन्ही जाळतें, तेव्हां काळा चष्मा लहानांसहि हवा. रात्रीं पारा शून्याखालीं दहा अंशांच्या आसपास उतरतो, नळ गोठतात. तेव्हां पिण्याचें पाणी झोपण्यापूर्वींच भरून ठेवावें. हवेंतल्या पाळण्याचा पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत, सुमारें ३,००० मीटरांवर जातो, दुसरा अफरवटाच्या खांद्यावर ४,००० मीटरांच्या जवळपास. वृद्धांनीं व लहान मुलांनीं पहिल्याच टप्प्यावर समाधान मानावें. आणि नवशिक्यानें आंखलेला उतार सोडूं नये. २०२३ च्या फेब्रुवारींत अफरवटावर हिमकडा कोसळून दोन परदेशी खेळाडू दगावले. आम्ही परतल्यावर थोड्याच दिवसांनीं, २०२४ च्या फेब्रुवारींत, आणखी एक. ज्या बर्फाचें आम्हीं हात पुढें करून स्वागत केलें, त्याचेंच हें दुसरें रूप. कोंकणच्या माणसास हें समजावून सांगावयास नको; आमचा पाऊसहि पिकवितो आणि बुडवितोहि.

घरीं आल्यावर आईनें एक नवा नेम धरला. २१ डिसेंबर आला कीं ती दिनदर्शिकेवर खूण करते, आणि रोज सकाळीं वर्तमानपत्रांत गुलमर्गास हिम पडल्याचें वृत्त शोधते. २०२५ च्या फेब्रुवारींत तेथील खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा पुरेशा बर्फाअभावीं पुढें ढकलाव्या लागल्या व मार्चांत झाल्या, ही बातमी तिनें आम्हां सर्वांस बसवून वाचून दाखविली. त्यानंतर २२ एप्रिल आला. पहलगामजवळ २६ निरपराध माणसें मारलीं गेलीं. त्यांत महाराष्ट्राचीं सहा होतीं, आणि तो शोक आमच्या पनवेलपर्यंत आला. पुष्कळ दिवस घरांत कोणीं काश्मिराचें नांव काढलें नाहीं. ज्या गवतावर आमचीं मुलें रुसून बसलीं होतीं, तसल्याच एका गवतावर कोणाचीं माणसें गेलीं होतीं. फोन करावा तर काय बोलावें, हें सुचेना. न करावा तर चाचांचा काय अपराध, हेंहि मनांतून जाईना.

मे महिन्याच्या अखेरीस फोन आला तो चाचांचाच. त्या वर्षीं पावसानें रीत मोडली. मृगाची वाट न पाहतां २६ मे रोजींच तो मुंबईवर येऊन थडकला, आणि आमच्याकडे आगोट अर्धी वाळायची राहिली होती. चाचांनीं वर्तमानपत्रांत वाचलें असावें. त्यांनीं प्रथम आईची प्रकृति विचारली. मग थोडें थांबून त्या दुर्घटनेविषयीं दोन वाक्यें बोलले, तीं त्यांस नीट पुरीं करतां आलीं नाहींत. गुलमर्गास माणूस नाहीं, आणि मुलगा मजुरीसाठीं श्रीनगरास गेला आहे, असें त्यांनीं सांगितलें. आणि शेवटीं विचारलें, "आप के यहाँ बारिश ठीक से हुई?"

"झाली," आई म्हणाली, "पण फार लवकर आली. तुमचा बर्फ उशिरा आणि आमचा पाऊस लवकर. दोघांचेंहि पंचांग बिघडलें आहे." तिनें हें मराठींतच सांगितलें. पलीकडून चाचा "हाँ माँजी, हाँ" म्हणाले. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि अर्धवट वाळलेले सांडगे आंत आणावयास वहिनी गच्चीवर धांवल्या.